‘कंपनीनेच बंद केलंय’ असं दुकानात सांगतात, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो की भुसावळचा बाजार, खेळण्यांच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: “ते मॉडेल आता मिळणार नाही भाऊ, कंपनीनेच बंद केलंय.” कधीकधी त्याला जोड मिळते: “हा शेवटचा पीस राहिलाय. घ्यायचा तर आजच घ्या.”

साध्या खेळण्याच्या बाबतीत यामुळे कुणाचं फारसं बिघडत नाही. लाल जेसीबी नाही मिळाला तर पोरगं पिवळ्यावर खूश होतं. जमवायच्या खेळण्यांचं तसं नाही. हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या, ठोकळे जोडून करायचे लेगोचे सेट, बेब्लेडचे भोवरे, अलीकडे लाबुबूच्या बाहुल्या घेणारा माणूस त्या एका मॉडेलसाठी, कधी त्या एका रंगासाठी दुकानात आलेला असतो. त्याच्या कानावर ‘बंद झालं’ हे शब्द पडले की हात आपसूक खिशाकडे जातो. मागे वळून भाव विचारायचंही सुचत नाही. एरंडोल-पारोळ्याहून नातवासाठी जळगावला आलेल्या आजोबांना तर हे तपासायचं कुठे, हेच माहीत नसतं.

मग दुकानातली माणसं खोटं बोलतात का? माझं मत असं आहे की बहुतेक वेळा ती ठरवून फसवत नाहीत. त्यांना जे ठाऊक नसतं ते ठाऊक असल्यासारखं सांगतात. पण काही वेळा सरळसरळ फसवणूक असते, आणि ती कुठे सुरू होते हे ओळखता येतं. त्यासाठी माल दुकानापर्यंत पोचतो कसा ते आधी समजून घेऊ.

हॉट व्हील्सचंच घ्या. मॅटेल ही अमेरिकन कंपनी १९६८ पासून या गाड्या काढते. वर्षभराच्या सगळ्या गाड्या एकदम बाजारात येत नाहीत. त्या टप्प्याटप्प्याने, मिश्र खोक्यांमधून येतात. कोणत्या खोक्यात कोणत्या गाड्या भरायच्या ते कंपनी ठरवते. कंपनीकडून माल डेपोत जातो, तिथून विभागाच्या डिस्ट्रिब्युटरकडे, मग त्याच्या सेल्समनमार्फत चाळीसगावच्या किंवा अमळनेरच्या दुकानात. दुकानदार फार तर ‘दोन खोकी पाठवा’ एवढं सांगू शकतो. ‘निळ्या रंगाच्या त्या एका गाडीचे दहा नग पाठवा’ असं म्हणायची सोय त्याला नसते.

आता एखादी गाडी एका खोक्यात आली, दोन दिवसांत विकली गेली आणि पुढच्या खोक्यात नव्हती. दुकानदाराने सेल्समनला विचारलं. सेल्समन म्हणाला, “ती आता येत नाही.” त्याच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की त्याच्या डेपोत सध्या ती नाही. दुकानदाराने काउंटरवरच्या पोऱ्याला सांगितलं, “ती बंद झाली.” आणि पोऱ्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, “कंपनीनेच बंद केली.” तीन तोंडांतून जाताना डेपोतल्या तात्पुरत्या टंचाईचं कारखान्यातलं कायमचं कुलूप झालं. यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं. तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचलेली माहिती चुकीचीच होती. खेड्यातला जुना दुकानदार नुसतं “माल उना नही” (माल आला नाही) म्हणतो, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे, कारण त्याला खात्रीने तेवढंच माहीत असतं.

मोठ्या शोरूममध्ये हाच प्रकार कॉम्प्युटरमुळे होतो. काउंटरवरच्या ताई वस्तूचा कोड टाकतात. स्क्रीनवर शिल्लक शून्य येते आणि शेजारी ‘इनॲक्टिव्ह’ असा शेरा दिसतो. त्या मान वर करून सांगतात, “सर, डिसकंटिन्यू झालंय.” त्यांनी पडद्यावर दिसलं ते वाचलं. पण तो शेरा मुख्य ऑफिसने त्या शाखेच्या ऑर्डरच्या यादीतून वस्तू काढली, एवढंच सांगतो. कदाचित ती वस्तू या गावात खपत नसेल. कदाचित किंमत बदलल्यामुळे तिला नवा कोड पडला असेल आणि जुना कोड बंद केला असेल. कदाचित सीझन संपला असेल. कारखान्यात ती वस्तू बनतेय की नाही याची माहिती त्या पडद्यावर नसतेच. दिवसभर उभं राहून शेकडो माणसांना उत्तरं देणाऱ्या ताईंना ‘मला माहीत नाही’ म्हणायची मुभा नसते. तसं म्हटलं की गिऱ्हाईक चिडतं, मॅनेजर रागावतो. ‘बंद झालं’ म्हटलं की विषय संपतो. या सवयीचा दोष मी त्यांच्यापेक्षा त्यांना काहीच न शिकवता काउंटरवर उभं करणाऱ्या मालकांना जास्त देईन.

वस्तू खरोखर बंद होतात, हेही तितकंच खरं. लेगोचा एखादा सेट साधारण दीड-दोन वर्षं बाजारात राहतो, काही जास्तही टिकतात, मग त्याचं उत्पादन थांबतं. कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर अशा सेटवर ‘लवकरच निवृत्त’ अशा अर्थाची खूण लावते, आणि संपल्यावर तसंही लिहिते. बेब्लेडच्या तर पिढ्याच बदलतात. जपानमध्ये १९९९ साली पहिली आली, २००८ मध्ये धातूची, २०१५ मध्ये बर्स्ट, २०२३ मध्ये एक्स. नवी पिढी आली की जुनीचे साचे बाजूला पडतात. हॉट व्हील्समध्ये गाडीचा साचा आणि तिचा रंग या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. एका वर्षी आलेला रंग काही महिन्यांत संपतो आणि तोच रंग, तीच चाकं पुन्हा सहसा येत नाहीत. पण साचा वर्षानुवर्षं चालतो. ‘ट्विन मिल’ हा साचा १९६९ चा, ‘बोन शेकर’ २००६ चा. दोन्ही आजवर कितीतरी रंगांत पुन्हा पुन्हा निघाले आहेत. तेव्हा ‘ती गाडी बंद झाली’ असं कुणी म्हटलं तर रंग बंद झाला की साचा, हे विचारायला हवं. रंगाबद्दल ते बरोबर असू शकतं. साच्याबद्दल बरोबर असण्याची शक्यता बरीच कमी.

वस्तू बंद होण्याचं आणखी एक कारण परवान्याचं. खऱ्या मोटारीची प्रतिकृती काढायला त्या मोटार कंपनीची परवानगी लागते आणि ती ठरावीक मुदतीची असते. फेरारीचा मॅटेलबरोबरचा करार २०१४ नंतर संपला आणि हॉट व्हील्समधून फेरारी गायब झाली. त्या काळात जुन्या फेरारींचे भाव चढले, कारण सगळ्यांना वाटत होतं की आता ही गाडी पुन्हा मिळायची नाही. नवा करार होऊन २०२५ मध्ये फेरारी हॉट व्हील्समध्ये परत आली. ज्यांनी ‘आता कधीच नाही’ या भरवशावर भरमसाट पैसे मोजले होते, त्यांना कुणी परतावा दिला नाही.

याहून आपल्या जवळचं उदाहरण ताजमहालाचं. लेगोने २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला. नंतर तो बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. सेट क्रमांक १०१८९ न उघडता कपाटात ठेवणारे लोक तो सोन्यासारखा जपत होते. २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल जवळजवळ जशाच्या तसा, ५,९२३ तुकड्यांचा, १०२५६ या नव्या क्रमांकाने पुन्हा आणला. जुन्याचे भाव उतरले. म्हणजे २०१६ मध्ये ‘हा सेट बंद झालाय’ म्हणणारा विक्रेता शब्दशः खरं बोलत होता. पण त्यातून ‘म्हणून वाटेल ती किंमत द्या’ असा जो अर्थ निघत होता, तो वर्षभरात खोटा ठरला. उत्पादन थांबलं हे आज सांगता येतं. ते परत सुरू होणार नाही, हे दुकानदार कशाच्या जोरावर सांगणार? कंपनीलाही दहा वर्षांनंतरचं ठाऊक नसतं.

कंपन्यांनाही ही भीती विकायला आवडते, हे विसरू नये. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘बीनी बेबीज’ या छोट्या कापडी प्राण्यांचं वेड पसरलं होतं. टाय नावाची कंपनी मधूनमधून एखादा प्राणी ‘निवृत्त’ झाल्याचं जाहीर करायची आणि लोक दुकानांवर तुटून पडायचे. १९९९ मध्ये तिने जाहीर केलं की वर्षअखेरीस सगळीच बीनी बेबीज बंद होणार. खरेदीला ऊत आला. मग कंपनीने लोकांचं मत घेतलं आणि त्या ‘आग्रहाखातर’ उत्पादन चालूच ठेवलं. त्या काळात मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून बीनी बेबीज जमवणारी कुटुंबं होती. भाव कोसळल्यावर त्यांच्या घरात पिशव्याच उरल्या. लाबुबूचं तर अगदी कालचं: २०२५ च्या जूनमध्ये ती विकणाऱ्या पॉप मार्ट कंपनीने भरपूर माल सोडला आणि चीनमधले चढे पुनर्विक्रीचे दर झपाट्याने खाली आले. आपल्याकडे हातगाडीवर मिळते ती लाबुबू बहुधा नक्कलच असते, आणि नक्कल कधी बंद होत नाही. मागणी आहे तोवर ती बनत राहते. तेव्हा हातगाडीवर कुणी ‘लास्ट पीस’ म्हणालं तर ते मनावर घ्यायचं कारण नाही.

भारतात आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे खूप दुकानदार मनापासून चुकीचं सांगतात. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली. परदेशातल्या कारखान्यालाही इथे माल पाठवायचा तर भारतीय मानक ब्युरोचा परवाना काढावा लागतो. हा नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यामुळे पुष्कळ मॉडेल भारतात यायची थांबली. जगात ती बनत होती, दुबईत मिळत होती, फक्त जळगावला येत नव्हती. डिस्ट्रिब्युटरने ‘आता येत नाही’ म्हटलं, पुढे त्याचं ‘कंपनीने बंद केलं’ झालं. पुण्यातल्या भाच्याने नंतर तेच खेळणं सिंगापूरहून आणून दाखवलं की गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार लबाड. तो लबाड नव्हता, त्याला फक्त अर्धी साखळी दिसत होती.

आता खऱ्या लबाडीकडे येऊ. ज्या क्षणी ‘बंद झालं’ या वाक्याला जादा पैसा किंवा घाई चिकटते, त्या क्षणी सावध व्हायचं. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. खेडा खरेदीला आलेला व्यापारी कापसाच्या ढिगाशी उभा राहून म्हणतो, “उद्या भाव पडणार, आजच देऊन टाका.” भाव पडेलही, पण ते वाक्य तुमच्या भल्यासाठी उच्चारलेलं नसतं. काउंटरवरचा ‘शेवटचा पीस’ त्याच जातीचा आहे.

फसवणुकीचे दोन प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतात. पहिला, माल दडवण्याचा. हॉट व्हील्सच्या खोक्यात क्वचित ‘ट्रेझर हंट’ गाडी निघते. ही मालिका १९९५ पासून चालू आहे. तिच्यातल्या ‘सुपर’ प्रकाराला चकचकीत खास रंग आणि रबरी टायर असतात, आणि जमवणाऱ्यांमध्ये तिला मोठा भाव येतो. अनेक ठिकाणी खोका गिऱ्हाइकांसमोर फुटतच नाही. आतल्या खोलीत तो आधी उघडला जातो, ओळखीच्या रीसेलरला, म्हणजे जादा दराने पुन्हा विकणाऱ्याला, फोन जातो, हव्या त्या गाड्या बाजूला निघतात आणि उरलेला माल हुकांवर लागतो. मग शाळा सुटल्यावर सायकलवर आलेला मुलगा विचारतो आणि त्याला ‘ती येतच नाही’ असं सांगितलं जातं. गाडी सकाळीच दुकानात आलेली असते. त्या मुलाच्या खाऊच्या पैशांपेक्षा रीसेलरची नोट जड ठरते. हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरा प्रकार छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याचा. ‘बंद झालंय म्हणून जास्त पडतील’ असं म्हणून सीलबंद खोका एमआरपीपेक्षा जादा दराने विकणं दुकानदाराला कायद्याने जमत नाही. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांत ते स्पष्ट आहे. वस्तू दुर्मीळ असली म्हणून यात सूट नाही.

खोकं हातात आलं की ते उलटं करा. मागे स्टिकर असतो, त्यावर एमआरपी, महिना-वर्ष, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असतो. महिना अगदी अलीकडचा असेल तर वस्तू ‘केव्हाच बंद झाली’ या सांगण्यात दम नाही. वर्ष जुनं असेल तर दोन शक्यता राहतात: वस्तू खरंच बंद झाली असेल, किंवा ती इथे खपत नसल्याने पडून असेल आणि आता तिला ‘दुर्मीळ’ म्हणून हलवायचा प्रयत्न चालू असेल. आयएसआय खूण आणि तिच्याखालचा परवाना क्रमांक पाहा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकून तपासता येतो. लेगोच्या खोक्यावर सेटचा क्रमांक असतो. तो लेगोच्या संकेतस्थळावर शोधला की सेट चालू आहे, संपत आलाय की निवृत्त झालाय ते दिसतं.

हॉट व्हील्सच्या गाडीचा तळ वाचताना एक गल्लत फार होते. तळावर ‘१९९८ मॅटेल’ असं काही कोरलेलं असतं आणि विक्रेता म्हणतो, “बघा, १९९८ ची गाडी आहे.” ते वर्ष त्या साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) असतं. गाडी मागच्या महिन्यात बनलेली असली तरी तळावर तेच वर्ष असणार. ती नेमकी कधी बनली हे तळावरच ठोकलेल्या छोट्या कोडवरून कळतं, त्यात अक्षर वर्षाचं आणि आकडा आठवड्याचा. पुठ्ठ्याच्या मागे छापलेलं वर्षही पाहून घ्यावं. या एका गल्लतीवर पोरांकडून जुन्या गाडीचे पैसे उकळले जातात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुकानात विचारायची रीतही थोडी बदलता येईल. ‘हे बंद झालं का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणणं सोपं जातं. त्याऐवजी विचारा, “दादा, तुमच्याकडे संपलं की डिस्ट्रिब्युटरकडेच नाही? शेवटचा माल कधी आला होता? कंपनीचं काही पत्र किंवा मेसेज आहे का?” खरं माहीत असलेला माणूस तारीख सांगतो, सेल्समनचं नाव घेतो, कधी मोबाइल काढून यादीही दाखवतो. माहीत नसलेला थोडा अडखळतो आणि “सध्या तरी नाही” वर येतो. बऱ्याचदा तेवढ्याने खरी परिस्थिती कळते, आणि समोरच्याचा अपमानही होत नाही. पक्कं करायचं असेल तर स्टिकरवरच्या ग्राहक सेवेला मॉडेल क्रमांक सांगून विचारावं.

कायद्याचं काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. विक्री वाढवण्यासाठी केलेलं खोटं विधान तोंडी असलं तरी ते तिच्यात येऊ शकतं. ‘मॉडेल बंद झालं’ असं उदाहरण तिथे शब्दशः लिहिलेलं नाही, आणि काउंटरवर बोललेलं वाक्य सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून माझा सल्ला असा की भांडायचं झालं तर एमआरपी आणि बिल या दोन गोष्टी धराव्यात. पक्कं बिल मागा, त्यावर मॉडेलचं नाव घालून घ्या. बिल न देणं हीदेखील त्याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे. जादा दराची तक्रार वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याने भागलं नाही तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. ऑनलाइन दुकानांवर ‘फक्त १ शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवण्याला तर नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणारी मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांनी थेट मनाई केली आहे. तिथे स्क्रीनशॉट काढून ठेवला की पुरावा हातात राहतो.

दुकानदारांनाही एक विनंती आहे. काही दुकानांत गल्ल्याजवळ एक वही असते. वस्तू नसली की मालक तिच्यात मॉडेलचं नाव आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर लिहून घेतो आणि माल आला की फोन करतो. यात खर्च काही नाही. वहीत एकाच गाडीची आठ-दहा नावं जमली की डिस्ट्रिब्युटरकडे मागणी लावतानाही ती पुढे करता येते. सगळ्यांनी अशी वही ठेवायला काय हरकत आहे?